लिख्नोव्स्कींच्या तारा : महायुद्धाआधीचे २९४ तास

४ ऑगस्ट १९१४, मंगळवार. लंडनमध्ये रात्रीचे ११ वाजले आणि ब्रिटन व जर्मनी यांच्यात युद्ध सुरू झाले. युरोप त्या घटकेला कसा येऊन पोहोचला, याचा हिशेब आजवर राजांच्या, सेनापतींच्या आणि मंत्र्यांच्या बाजूने पुष्कळदा मांडला गेला आहे. इथे तो जर्मनीच्या लंडनमधल्या राजदूताच्या मेजावरून मांडायचा आहे. प्रिन्स कार्ल माक्स लिख्नोव्स्की यांनी पुढे काय वाढून ठेवले आहे ते आधी कळवले, वेळेवर कळवले आणि पुन्हा पुन्हा कळवले. ‘महायुद्ध कुणालाच नको होते, सगळेच नकळत घसरत गेले’ असे म्हणून अनेकांनी पुढे स्वतःची सुटका करून घेतली. या माणसाच्या तारा क्रमाने वाचल्या की ती पळवाट बंद होते.

लिख्नोव्स्की १८६० साली अप्पर सायलेशियातल्या बड्या जमीनदार घराण्यात जन्मले. त्यांच्या एका पूर्वजाने बेथोव्हेनला आश्रय दिला होता. १८८०च्या दशकात ते परराष्ट्र सेवेत आले. लंडन, कॉन्स्टँटिनोपल, बुखारेस्ट, व्हिएन्ना अशा वकिलातींत त्यांनी काम केले, मग बर्लिनच्या परराष्ट्र खात्यात नेमणुकांचा विभाग सांभाळला. १९०४ साली ते निवृत्त होऊन आपल्या जमीनजुमल्यावर परतले. त्याच वर्षी मेख्टिल्ड या लेखिकेशी त्यांचे लग्न झाले. आठ वर्षांनी, १९१२च्या शरद ऋतूत, लंडनमधला जर्मन राजदूत अचानक वारला आणि कैसर दुसऱ्या विल्हेल्मने लिख्नोव्स्कींना परत बोलावले.

लंडनला पोहोचून महिना होतो न होतो तोच पहिला इशारा त्यांच्या कानी आला. ३ डिसेंबर १९१२ रोजी ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॉल्डेन यांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, जर्मनीने फ्रान्सला चिरडलेले ब्रिटन खपवून घेणार नाही. लिख्नोव्स्कींनी ते जसेच्या तसे बर्लिनला कळवले. कैसरने त्यातून सावध होण्याऐवजी पाचच दिवसांनी सेनापतींना आणि आरमारप्रमुखांना बोलावून युद्धाची चर्चा केली. हॉल्डेन जे बोलले होते तेच १९१४ साली घडले. म्हणजे बर्लिनला हे वीस महिने आधी ठाऊक होते.

दरम्यान लिख्नोव्स्कींचे काम चांगले चालले होते. बगदाद रेल्वेचा वर्षानुवर्षांचा वाद सोडवणाऱ्या करारावर १५ जून १९१४ रोजी प्राथमिक सह्या झाल्या. त्याच महिन्यात ऑक्सफर्डने त्यांना सन्मान्य पदवी दिली. महिनाअखेरीस कैसरच्या बोलावण्यावरून ते कीलच्या बंदरात शाही नौकेवर होते. २८ जूनला तिथेच बातमी आली की, सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्त्स फर्डिनांड याची हत्या झाली. ५ जुलैला कैसरने ऑस्ट्रियाला कोरा धनादेश दिला : सर्बियाचे हवे ते करा, आम्ही पाठीशी आहोत.

पुढचे तास लंडनच्या घड्याळाने मोजले आहेत. बेलग्रेड आणि बर्लिनची घड्याळे लंडनच्या एक तास पुढे होती.

२९४ तास आधी. गुरुवार, २३ जुलै. बेलग्रेड, संध्याकाळी ६

ऑस्ट्रियाचा वकील सर्बियाला निर्वाणीचा खलिता देतो. मुदत ४८ तास. मागण्या अशा की, स्वाभिमानी राष्ट्राला त्या सगळ्या मान्य करणे अशक्यच. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांच्या हाती तो मजकूर पडला. एका स्वतंत्र राष्ट्राने दुसऱ्या स्वतंत्र राष्ट्राला इतका भयंकर कागद पाठवल्याचे आपण कधी पाहिले नव्हते, असा शेरा त्यांनी मारला. लिख्नोव्स्कींनी ग्रे यांची चिंता बर्लिनला कळवली. तिथे परराष्ट्र खात्याचा प्रमुख यागो याचा आग्रह एकच होता : भांडण ऑस्ट्रिया आणि सर्बिया यांच्यातले आहे, इतरांनी त्यात पडू नये.

२०३ तास आधी. सोमवार, २७ जुलै. लंडन, दुपार

मुदत संपायच्या आत सर्बियाने बहुतेक सगळ्या मागण्या मान्य केल्या होत्या. तरीही ऑस्ट्रियाचा वकील बेलग्रेड सोडून निघून गेला होता. आदल्या दिवशी ग्रे यांनी ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि इटली या चार राष्ट्रांच्या परिषदेचा प्रस्ताव ठेवला होता. आज सर्बियाचे उत्तर वाचून त्यांनी लिख्नोव्स्कींना बोलावले. ग्रे संयमी आणि सौम्य बोलणारे गृहस्थ. त्या दिवशी ते नाराज होते, आणि ती नाराजी लिख्नोव्स्कींनी तारेत मुद्दाम नोंदवली. सर्बियाने इतके नमते घेतल्यावरही ऑस्ट्रिया थांबत नसेल, तर त्याला युद्धच हवे आहे असा अर्थ होतो, हे ग्रे यांचे म्हणणे त्यांनी पोहोचवले. या शहरात सगळ्यांना वाटते की परिस्थितीची किल्ली बर्लिनच्या हाती आहे, हेही त्यांनी लिहिले.

चॅन्सेलर बेथमान होलवेग यांनी ती तार व्हिएन्नाला पुढे पाठवली, पण किल्ली बर्लिनकडे असल्याचा भाग वगळून. परिषदेचा प्रस्ताव जर्मनीने नाकारला. त्याच रात्री बर्लिनमधल्या ऑस्ट्रियन राजदूताने आपल्या सरकारला कळवले की, इंग्लंडकडून आलेल्या मध्यस्थीच्या सूचना जर्मनी केवळ पुढे पाठवील, त्यांना तिचा पाठिंबा समजू नये.

या घटनाक्रमातला हा पहिला अपराध. राजदूताचा शब्द राजधानीत पोहोचला होता, वाचला गेला होता, आणि जाणूनबुजून कापला गेला होता.

१८२ तास आधी. मंगळवार, २८ जुलै. पॉट्सडाम, सकाळी १०

सर्बियाचे उत्तर कैसरने आज सकाळी पहिल्यांदा वाचले. ते वाचून त्याने लिहिले की, युद्धाचे कारणच आता उरलेले नाही. ऑस्ट्रियाने हमी म्हणून बेलग्रेड ताब्यात घ्यावे आणि तिथेच थांबावे, अशी त्याची सूचना होती. तासाभरात ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले. कैसरची सूचना व्हिएन्नाला गेली ती रात्री उशिरा, धार बोथट करून, आणि ऑस्ट्रियाला रोखण्याचा आपला हेतू आहे असे वाटू देऊ नका अशा ताकिदीसह.

१४७ तास आधी. बुधवार, २९ जुलै. बर्लिन, रात्री ९ वाजून १२ मिनिटे

पहाटे डॅन्यूबवरून बेलग्रेडवर तोफा डागल्या गेल्या होत्या. दुपारी ग्रे यांनी लिख्नोव्स्कींना त्या दिवसात दुसऱ्यांदा बोलावले. ही खाजगी, मित्रत्वाच्या नात्याने दिलेली सूचना आहे, असे सांगून त्यांनी मुद्दा मांडला. भांडण ऑस्ट्रिया आणि रशियापुरते राहिले तर ब्रिटन बाजूला राहू शकेल. जर्मनी आणि फ्रान्स त्यात ओढले गेले, तर ब्रिटनला फार काळ बाजूला उभे राहता येणार नाही.

लिख्नोव्स्कींची ही तार रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी बर्लिनला पोहोचली. साडेदहाच्या सुमारास बेथमान होलवेग ब्रिटिश राजदूत गोशेन यांच्याशी सौदा करत होते : ब्रिटन तटस्थ राहिल्यास जर्मनी फ्रान्सचा युरोपातला मुलूख घेणार नाही. फ्रान्सच्या वसाहतींबद्दल मात्र तशी हमी ते देईनात. हा सौदा करणे म्हणजे फ्रान्सवर चाल करून जाणार असल्याची कबुलीच होती.

तारेचा अर्थ ध्यानी आला तेव्हा पहाटेचे ३ वाजत आले होते. २ वाजून ५५ मिनिटांनी चॅन्सेलरने व्हिएन्नाला तार केली, तीत लिख्नोव्स्कींचा मजकूर उद्धृत केला आणि ऑस्ट्रियाने मध्यस्थी मान्य करावी असा आग्रह धरला. तीन आठवडे ऑस्ट्रियाला पुढे ढकलणारा हात पहिल्यांदाच मागे खेचू पाहत होता. कैसरला लिख्नोव्स्कींची तार नंतर मिळाली. तिच्या समासात त्याने इंग्रजांना शिव्या लिहिल्या. समासात जागा उरली नाही इतक्या. पण बातमी खरी आहे की नाही, हा प्रश्न तिथे नव्हता.

१०७ तास आधी. शुक्रवार, ३१ जुलै. बर्लिन, दुपारी १

आदल्या संध्याकाळी रशियाने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम सोडला होता. या निर्णयाची जबाबदारी सेंट पीटर्सबर्गची, ती बर्लिनच्या माथी मारता येणार नाही. पण जर्मनीच्या युद्धयोजनेत सबुरीला जागाच ठेवलेली नव्हती. रशियाशी युद्ध म्हणजे आधी फ्रान्सवर हल्ला, आणि फ्रान्सवर हल्ला म्हणजे बेल्जियममधून वाट, असे ते गणित होते. दुपारी जर्मनीत युद्धाचा धोका जाहीर झाला. रशियाला १२ तासांची आणि फ्रान्सला १८ तासांची मुदत देणारे खलिते निघाले. बेल्जियमचा प्रश्न आला की ब्रिटनमध्ये काय होईल, हे लिख्नोव्स्कींना कळत होते. आपल्या सेनापतींच्या योजनेत बेल्जियम पहिल्याच पानावर आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

८४ तास आधी. शनिवार, १ ऑगस्ट. लंडन, सकाळी ११ वाजून १४ मिनिटे

या दिवशी लिख्नोव्स्की स्वतः चुकले, आणि ती चूक इथे लपवून चालणार नाही.

ग्रे यांचे खाजगी सचिव टिरेल सकाळी त्यांना भेटले. मागोमाग ग्रे यांनी दूरध्वनीवर विचारले : रशियाशी युद्ध झाले आणि फ्रान्स तटस्थ राहिला, तर जर्मनी फ्रान्सवर हल्ला करणार नाही अशी हमी देता येईल का? कित्येक दिवस धड न झोपलेल्या राजदूताला त्या प्रश्नात शांततेची वाट दिसली. त्यांनी बर्लिनला कळवले की, जर्मनीने फ्रान्सला हात लावला नाही तर इंग्लंड तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही तटस्थ ठेवील. ग्रे यांना त्या सकाळी नेमके काय म्हणायचे होते, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. पण लिख्नोव्स्कींनी त्यांच्या बोलण्याला पेलवणार नाही एवढा अर्थ त्यात भरला, यात शंका नाही.

७९ तास आधी. बर्लिन, संध्याकाळी ५

तार निघून बर्लिनला पोहोचेपर्यंत चार वाजून गेले होते. सांकेतिक मजकूर उलगडून राजवाड्यात येईपर्यंत कैसरने जमवाजमवीच्या हुकमावर सही केली होती. तार वाचून तो हर्षभरित झाला. त्याने शॅम्पेन मागवली आणि सरसेनापती मोल्टके यांना सांगितले की, आता सारे सैन्य पूर्वेला वळवू. मोल्टके हादरले. लाखो माणसांचे आणि हजारो आगगाड्यांचे वेळापत्रक एका संध्याकाळीत उलटे फिरवता येत नाही, असे त्यांनी सांगितले. तुमच्या काकांनी, थोरल्या मोल्टकेंनी, मला वेगळे उत्तर दिले असते, असे कैसरने त्यांना सुनावले. लक्झेंबर्गमध्ये शिरायच्या तयारीत असलेल्या तुकडीला थांबण्याचा हुकूम सुटला. तरी एक छोटी टोळी सरहद्द ओलांडून तिथल्या एका रेल्वे स्थानकात शिरलीच होती, तिला मागे बोलवावे लागले. मोल्टके मुख्यालयात परतले आणि त्यांना रडू आवरले नाही.

कैसरच्या सहीनंतर तासाभराने सेंट पीटर्सबर्गमध्ये जर्मन राजदूत पूर्तालेस यांनी रशियाच्या परराष्ट्रमंत्र्याला तीनदा विचारले की, जमवाजमव थांबवणार का. तिन्ही वेळा नकार आला. युद्धघोषणेचा कागद हाती देऊन ते खिडकीशी गेले आणि रडू लागले.

७३ तास आधी. बर्लिन, रात्री ११

लंडनमध्ये दुपारी साडेतीनला ग्रे आणि लिख्नोव्स्की समोरासमोर भेटले होते. बेल्जियमची तटस्थता मोडली तर ब्रिटनमध्ये लोकमत आवरणे कठीण जाईल, असे ग्रे यांनी सांगितले. आम्ही बेल्जियमला हात लावला नाही तर तुम्ही तटस्थ राहाल का, असे लिख्नोव्स्कींनी विचारले. ग्रे यांनी तसे वचन दिले नाही. सकाळची आशा तिथेच मावळली, आणि लिख्नोव्स्कींनी तेही प्रामाणिकपणे कळवले. रात्री राजा पाचव्या जॉर्जची तार कैसरला मिळाली. काहीतरी गैरसमज झाला असावा, असे तीत होते. तिचा मसुदा ग्रे यांचाच होता. कैसरने मोल्टकेंना परत बोलावले आणि आता तुम्हाला हवे ते करा असे सांगितले. लक्झेंबर्गची वाट मोकळी झाली.

६१ तास आधी. रविवार, २ ऑगस्ट. डाउनिंग स्ट्रीट, न्याहारीची वेळ

लिख्नोव्स्की पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांच्या घरी आले. फ्रान्सची बाजू घेऊ नका, अशी विनवणी करताना त्यांना अश्रू अनावर झाले. दोन आघाड्यांवर विभागलेले जर्मन सैन्यच चिरडले जाण्याची शक्यता अधिक, असे त्यांनी सांगितले. अ‍ॅस्क्विथ यांनी हे त्याच दिवशी एका पत्रात लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळते.

५२ तास आधी. ब्रुसेल्स, संध्याकाळी ७

जर्मनीने बेल्जियमला खलिता दिला : आमच्या सैन्याला वाट द्या. मुदत १२ तास. सोमवारी सकाळी बेल्जियमने नकार कळवला.

३२ तास आधी. सोमवार, ३ ऑगस्ट. लंडन, दुपारी ३

सुट्टीचा दिवस असूनही पार्लमेंट खचाखच भरले होते. ग्रे यांनी भाषणात बेल्जियमची बाजू मांडली आणि सभागृहाचा बहुतांश कौल मिळवला. संध्याकाळी जर्मनीने फ्रान्सवर युद्ध पुकारले.

१५ तास आधी. मंगळवार, ४ ऑगस्ट. बेल्जियमची सरहद्द, सकाळी ८

गेमेनिख गावाजवळ जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९च्या करारावर प्रशियाचीही सही होती.

९ तास आधी. लंडन, दुपारी २

ब्रिटनचा खलिता बर्लिनला निघाला. बेल्जियमच्या तटस्थतेचा आदर करण्याची हमी बर्लिनच्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे लंडनच्या रात्री ११ पर्यंत हवी होती. संध्याकाळी बेथमान होलवेग गोशेन यांच्यावर संतापले. एका कागदाच्या कपट्यासाठी ब्रिटन आपल्या भाऊबंदांशी लढायला निघाले आहे, असे ते म्हणाले. ब्रिटन बेल्जियमसाठी उठेल, हे त्यांना त्यांच्याच राजदूताने कळवले होते.

१ तास आधी. लंडन, रात्रीचे १०

ब्रिटिश परराष्ट्र खात्यात चुकीची बातमी आली की, जर्मनीनेच ब्रिटनवर युद्ध पुकारले. त्या आधारे तयार केलेले पत्र आणि पारपत्रे एका अधिकाऱ्याने जर्मन वकिलातीत पोहोचवली. थोड्याच वेळात चूक उघडकीला आली. पत्र बदलायला हवे होते.

शून्य. रात्रीचे ११

मुदत संपली. काही मिनिटांनी परराष्ट्र खात्यातला एक तरुण अधिकारी, हॅरल्ड निकल्सन, दुरुस्त पत्र घेऊन कार्लटन हाउस टेरेसवरच्या जर्मन वकिलातीत गेला. राजदूत अंथरुणावर पडले होते. त्यांनी हातानेच मेजाकडे खूण केली. पहिल्या पत्राचा लिफाफा तिथे अर्धवट उघडा होता, आतला मजकूर त्यांनी वाचलेलाच नव्हता. त्यात काय असणार हे त्यांना वीस महिन्यांपासून ठाऊक होते. पोचपावतीवर सही करून त्यांनी निकल्सनच्या वडिलांना नमस्कार सांगितला. ते वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते.

त्यानंतर

६ ऑगस्टला लिख्नोव्स्की खास गाडीने हार्विच बंदराकडे निघाले. तिथे ब्रिटिश सैनिकांनी त्यांना मानवंदना दिली. शत्रुराष्ट्राने दिलेला हा मान मायदेशात त्यांना कधीच मिळाला नाही. बर्लिनमध्ये त्यांच्यावर ठपका आला की, त्यांना इंग्रजांनी भुलवले. १९१६ साली त्यांनी आपल्या लंडनच्या कारकिर्दीचे टिपण लिहिले. ब्रिटनला युद्ध नको होते आणि दोषाचा मोठा वाटा आपल्याच सरकारचा, असे त्यात होते. ते मोजक्या मित्रांसाठी होते, पण बाहेर फुटले. १९१८च्या मार्चमध्ये ते स्वीडनमध्ये छापले गेले आणि दोस्त राष्ट्रांनी जगभर वाटले. त्याच वर्षी प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहातून त्यांना काढून टाकण्यात आले. १९२८ साली ते वारले.

या युद्धात नव्वद लाखांहून अधिक सैनिक मेले. हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार. देशाला न विचारता देश युद्धात उतरवला गेला. बगदाद रेल्वेचा तंटा लिख्नोव्स्कींनी जून १९१४ मध्ये कागदावर मिटवत आणला होता. दीड वर्षाच्या आत त्याच बगदादच्या वाटेवर पूना डिव्हिजन लढत होती. तीत मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून ती कूत इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. अन्न संपले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली, त्यातली हजारो परतली नाहीत. ‘या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, इतके कामी आले’ असे कोरलेले संगमरवरी फलक आपल्याकडच्या कित्येक गावांत आजही आहेत. ज्यांची नावेही तिथे नाहीत, केवळ आकडा आहे, त्यांच्या मरणाचा निर्णय कुठे झाला? तो बर्लिनमध्ये एका तारेतला भाग कापताना झाला, व्हिएन्नात खलिता लिहिताना झाला, सेंट पीटर्सबर्गमध्ये जमवाजमवीवर सही करताना झाला.

म्हणून लिख्नोव्स्कींकडे हरलेला भला माणूस म्हणून पाहणे पुरेसे नाही. ते एकदा चुकले, आणि ती चूक अती आशेची होती. बाकी प्रत्येक इशारा खरा ठरला. बर्लिनला माहितीची टंचाई नव्हती. कैसर, चॅन्सेलर आणि परराष्ट्र खाते यांना ती नको होती, कारण ती मान्य केली असती तर ऑस्ट्रियाला थांबवावे लागले असते, आणि थांबवण्यात त्यांना कमीपणा वाटत होता. आपल्याच माणसाने कळवलेले सत्य दुबळेपणा म्हणून बाजूला सारण्याची मुभा कुठल्याच राज्यकर्त्याला देता कामा नये. १९१४ साली ती तिघाचौघांनी परस्पर घेतली, आणि त्याची किंमत कूतच्या खंदकातल्या जवानाने मोजली.